पियानो वाजवणारा पाय

मैफल संध्याकाळी असली की माझा दिवस त्याच सभागृहात सकाळी सुरू होतो. खुर्च्या रिकाम्या, मंचावर कामापुरता उजेड आणि मधोमध नऊ फुटी ग्रँड पियानो. आधी सूर लावायचे. ८८ पट्ट्या आणि त्यांच्या सव्वादोनशेच्या आसपास तारा. अगदी खालच्या सुरांना एकेक जाड तार, पुढे दोन-दोन आणि मधल्या-वरच्या सुरांना तीन-तीन. या तिन्ही तारा एकजीव झाल्या पाहिजेत. काम कानाचं आणि मनगटाचं. ते उरकलं की आयोजकांपैकी कोणीतरी डोकावून विचारतो, "झालं का?" झालेलं नसतं. मग मी बाह्या सरसावून पियानोखाली शिरतो, कारण पेडलं बघायची राहिलेली असतात.

पियानोवादकाच्या बोटांचं कौतुक सगळेच करतात आणि ते रास्तच आहे. लिस्टच्या एखाद्या एत्यूदमध्ये दोन्ही हात उड्या मारत स्वरपट्टीभर धावतात तेव्हा माझाही श्वास अडकतो. पण मंचाच्या कडेला उभं राहून इतकी वर्षं ऐकताना माझं एक मत पक्कं होत गेलं आहे. वेगवान बोटं पुष्कळांकडे असतात, पाय थोड्यांकडे असतो. त्यातही पेडल दाबणं सोपं. ते कधी आणि किती सोडायचं, यातच सगळी विद्या आहे.

ज्यांनी पियानो आतून पाहिलेला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. प्रत्येक पट्टीमागे एक हातोडी असते आणि तारांवर बसलेला एक डँपर. डँपर म्हणजे लाकडी ठोकळ्याला चिकटवलेला मऊ नमदा. पट्टी दाबली की तिचा डँपर वर जातो, हातोडी आदळते, तार बोलते. पट्टी सोडली की डँपर पुन्हा तारेवर बसतो आणि नाद थांबतो. उजवं पेडल हे सगळे डँपर एकदम उचलतं. अगदी वरच्या दीडएक सप्तकाला डँपर नसतातच, कारण तिथल्या तारा इतक्या आखूड असतात की त्यांचा नाद आपणहून विरतो.

मी मूळचा मिरजेचा. सतारमेकर गल्लीत जाता-येता कानावर पडायच्या त्या तरफेच्या तारा. सतारीच्या पडद्यांखालून जाणाऱ्या या तारा वादक सहसा छेडत नाही. वरची तार बोलली की त्या आपसूक गुंजतात. पियानोत उजवं पेडल दाबलं की सगळा पियानोच तरफ होतो. वाजवलेला सूर एक, पण त्याच्याशी नातं असलेल्या सगळ्या तारा हलू लागतात. पेडल दाबलं की सूर लांबतो, एवढंच पुष्कळांना ठाऊक असतं. खरं तर सुराचा रंगच बदलतो. पेडलाशिवाय वाजवलेला 'सी' आणि पेडलावर वाजवलेला 'सी' लागोपाठ ऐकून पाहा. दुसरा वाजला की भोवतालची खोली मोठी झाल्यासारखी वाटते.

म्हणून माझी तपासणी अशी चालते. पेडल हाताने, अगदी सावकाश खाली न्यायचं आणि डोळे डँपरांच्या रांगेच्या पातळीत ठेवायचे. सगळे डँपर एकाच क्षणी हलले पाहिजेत. रांगेत एखादा केसभर उशिरा उठतो, एखादा उठताना किंचित तिरका होतो. पेडल पूर्ण दाबून वाजवणाऱ्याला हे कधी कळणारही नाही. पण अर्ध्या पेडलावर वाजवणारा आला तर तो एक सूर कोरडा राहतो, शेजारचे दोन गुंजत असतात आणि वादक चमकून पट्टीकडे बघतो. मग तो डँपर सोडवायचा, त्याच्या तारेचा बाक पाहायचा, नमदा तारांवर चौरस बसतो की नाही ते बघायचं आणि स्क्रू पुन्हा आवळायचा. खालच्या सुरांचे डँपर पाचरीच्या आकाराचे असतात, दोन तारांच्या मधल्या फटीत उतरणारे. ही पाचर एका बाजूला झुकली तर एक तार गप्प होते आणि दुसरी कुरकुरत राहते. एवढ्याशा गोष्टीत तास जातो आणि तो जायलाच हवा.

परदेशातून आलेल्या एका वादक बाईंची तालीम मला कायमची आठवते. त्या आल्या, बाक स्वतःच्या हाताने खालीवर करून घेतला, आणि सराईत वादक करतात तशी स्वरपट्टीवर धाव घेतलीच नाही. डावीकडचा एक खालचा सूर वाजवला, पेडल दाबून ठेवलं, हात मांडीवर घेतले आणि पाय हळूहळू वर येऊ दिला. नमदा तारांना कुठे शिवतो, तिथे आवाज कसा बदलतो, किती वर आल्यावर नाद पूर्ण मिटतो, हे त्या ऐकत होत्या. मग मधले सूर. मग वरचे. नवीन पियानोशी त्यांची ओळख पायाने चालली होती. थोड्या वेळाने त्यांनी मला जवळ बोलावलं. पेडल दाबल्यावर डँपर हलू लागेपर्यंत जी थोडी मोकळी चाल असते ती त्यांना जरा कमी हवी होती. मी खाली शिरलो, दांडीवरची चकती अर्धा आटा फिरवली. पुन्हा तोच खालचा सूर, पुन्हा तोच हळू वर येणारा पाय. मान हलली. मग त्या वाजवू लागल्या आणि मी तिथेच, पियानोच्या पायाशी, जमिनीवर बसून राहिलो.

देब्युसीचं 'ला काथेद्राल आंग्लुती' चाललं होतं. १९१० साली प्रसिद्ध झालेल्या त्याच्या प्रेल्यूदांच्या पहिल्या संग्रहातली ही रचना. ब्रिटनीच्या किनाऱ्यावरच्या एका दंतकथेवर ती बेतलेली आहे: समुद्रात बुडालेलं देऊळ पहाटेच्या धुक्यात पाण्यावर येतं, घंटा वाजतात, भजनाचे सूर येतात, आणि ते पुन्हा बुडतं. मध्यावर भरगच्च स्वरसंघ पूर्ण जोराने चालून येतात आणि त्यांच्या खाली पियानोच्या तळातला 'सी' सतत गुंजत राहायला हवा. आता अडचण बघा. दोन्ही हात वरच्या स्वरसंघांत गुंतलेले. खालचा 'सी' धरून ठेवायला बोट शिल्लक नाही. म्हणजे तो पायानेच धरायचा. पेडल पूर्ण वर आलं तर 'सी' गेला. खालीच ठेवलं तर वरचे स्वरसंघ एकमेकांत मिसळून नुसता गोंगाट.

मी त्यांच्या बुटाकडे बघत होतो. तळवा पातळ होता, टाच जमिनीवर घट्ट रोवलेली, आणि पेडलावरून पाऊल क्षणभरही सुटत नव्हतं. सुटलं तर पुन्हा ठेवताना ठक्क आवाज येतो. दर स्वरसंघाला पाऊल अगदी थोडंसं वर यायचं आणि लगेच खाली जायचं. नमदा तारांना नुसता शिवून परत जात होता. खालची तार जाड, लांब, तांब्याने मढवलेली. तिच्यात इतकी ताकद साठलेली असते की एका स्पर्शाने ती थांबत नाही. वरच्या बारीक तारा मात्र तेवढ्यानेच मिटतात. म्हणून 'सी' तसाच राहिला आणि त्याच्यावरचे स्वरसंघ एकेक करून स्वच्छ होत गेले. याला अर्धं पेडल म्हणतात. पुस्तकात ते एका ओळीत लिहून होतं. प्रत्यक्षात अर्धं म्हणजे किती, हे प्रत्येक पियानोवर, प्रत्येक सभागृहात, आणि सभागृह माणसांनी भरल्यावर पुन्हा, वेगळं असतं. देब्युसीने पेडलाच्या खुणा क्वचितच लिहिल्या. वादकाच्या कानावर त्याने ते सोपवलं, आणि बरंच केलं. हे संगीत ऐकायचं असेल तर वॉल्टर गीझेकिंगच्या जुन्या ध्वनिमुद्रिका काढून ऐका. मुद्रण जुनाट आहे, पण त्या धुक्यातून प्रत्येक सूर वेगळा दिसतो.

पायाच्या या विद्येची सुरुवात हातापासून झाली. फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीने १७०० च्या सुमारास पियानो घडवला तेव्हा त्याला पेडल नव्हतंच. पुढे जर्मनीत गॉटफ्रीड झिल्बरमानने सगळे डँपर उचलणारी खटकी बसवली, पण ती हाताने ओढायची; म्हणजे मध्येच पट्ट्यांवरचा हात काढावा लागे. नंतर गुडघ्याने दाबायच्या तरफा आल्या. मोझार्टने ऑक्टोबर १७७७ मध्ये आउग्सबुर्गहून वडिलांना लिहिलेल्या पत्रात तिथल्या श्टाइन या कारागिराच्या पियानोंवरच्या अशा तरफेची मनापासून स्तुती केली आहे. जरासा स्पर्श झाला की ती चालते आणि गुडघा काढला की नादाचा मागमूस राहत नाही, याचं त्याला अप्रूप. त्याचंही लक्ष नाद मिटण्याकडे होतं, हे वाचून मला फार आनंद झाला होता. लंडनच्या जॉन ब्रॉडवुडने १७८३ साली पायाने चालणाऱ्या पेडलांचं पेटंट घेतलं आणि काम एकदाचं पायाकडे आलं.

बीथोव्हनच्या 'मूनलाइट' सोनाटावर मात्र मी कितीही बोलू शकतो. १८०१ सालची ही रचना. पहिल्या भागाच्या सुरुवातीलाच त्याने लिहून ठेवलं आहे की हा सबंध भाग अतिशय नाजूकपणे आणि डँपरांशिवाय वाजवावा. म्हणजे डँपर उचललेलेच ठेवायचे, स्वरसंगती बदलली तरीही. त्या काळच्या व्हिएन्नातल्या पियानोंच्या तारा बारीक, हातोड्या हलक्या आणि चामड्याने मढवलेल्या, नाद लवकर ओसरणारा. तिथे मागच्या सुरांची पुसट सावली पुढच्या सुरांवर पडायची आणि सरकून जायची. आजच्या पियानोची चौकट ओतीव लोखंडाची, तारांचा एकूण ताण वीसएक टनांचा. त्याच्यावर तीच सूचना पाळायची म्हटलं की वादक बिचकतात आणि दर स्वरसंगतीला पेडल बदलतात. वर्गात तसंच शिकवलंही जातं.

पियानोवादक आंद्राश शिफ तसं करत नाही. बीथोव्हनची सूचना तो शब्दशः पाळतो, आणि चालही नेहमीपेक्षा वाहती ठेवतो, म्हणून मागचे सूर साचून राहत नाहीत. त्याचं हे वाजवणं मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा काम बाजूला ठेवून पुन्हा लावलं. खालचा सूर बदलतो, आधीचा अजून पुरता गेलेला नसतो. क्षणभर दोघांचं घर्षण होतं आणि मग नवा सूर वर येतो. काही जाणकारांना हे गढूळ वाटतं. माझ्या मते तो भाग असाच वाजवायला हवा. ते घर्षणच त्या संगीताचं दुःख आहे; दर मात्रेला पुसून काढलं तर उरते ती गोड धून. अर्थात हे करायला पियानो अगदी हळू वाजवता यावा लागतो आणि डँपर नेमके किती वर ठेवायचे हे पायाला कळावं लागतं. पेडल पूर्ण दाबून बसणाऱ्याचं ते काम नव्हे.

हाच शिफ बाखचं 'वेल-टेम्पर्ड क्लाव्हियर' पेडलाला पायही न लावता वाजवतो. २०१२ साली आलेलं त्याचं ध्वनिमुद्रण तसंच आहे. सूर जोडायचे ते केवळ बोटांनी, एक पट्टी सुटायच्या आत दुसरी धरून. ग्लेन गूल्डचा कोरडा, टोकदार बाखही असाच. गूल्डच्या लाडक्या पियानोची, स्टाइनवेच्या सीडी ३१८ ची, निगा व्हर्न एडक्विस्ट हा जवळजवळ अंध असलेला कारागीर राखत असे. हातोडीची चाल गूल्डला हवी तितकी हलकी करून देणं हे त्याच्या बोटांचं आणि कानांचं काम. आमच्या धंद्यातल्या माणसांना हे नाव वंदनीय आहे. पेडल न वापरणं हाही पेडलाविषयीचा निर्णयच असतो, आणि तो दरवेळी नव्याने घ्यावा लागतो, हे मला या दोघांमुळे नीट समजलं.

उलट टोकाला राव्हेलचा डाव्या हाताचा कॉन्चेर्तो. पॉल विट्गेनश्टाइन या व्हिएन्नाच्या वादकाने पहिल्या महायुद्धात उजवा हात गमावला. त्याच्यासाठी राव्हेलने तो १९२९-३० मध्ये लिहिला आणि १९३२ च्या जानेवारीत व्हिएन्नात तो प्रथम वाजला. डोळे मिटून ऐकलंत तर एकच हात वाजवतो आहे यावर विश्वास बसत नाही. डावा हात खालचा सूर वाजवून तत्क्षणी मध्यात झेपावतो, अंगठ्याने धून काढतो, बाकीच्या बोटांनी भरणा करतो. आणि मागे सोडून आलेला तो खालचा सूर पाय सांभाळत असतो. त्या पायाने पाव क्षण आधी पेडल सोडलं तर सगळा डोलारा कोसळेल. हीच युक्ती शंभर वर्षांआधी झिगिसमुंट थालबर्गने पॅरिसमध्ये वापरली होती. धून दोन्ही अंगठ्यांकडे, भोवती सुरांचे फवारे, आणि सगळं बांधून ठेवणारं पेडल. ऐकणाऱ्यांना त्याला तीन हात आहेत असं वाटायचं.

डाव्या पेडलाविषयी थोडक्यात. ग्रँड पियानोत ते दाबलं की सगळी स्वरपट्टी हातोड्यांसकट किंचित उजवीकडे सरकते, हातोडी तीनऐवजी दोन तारांवर पडते आणि तिचा कमी झिजलेला, मऊ भाग तारेला लागतो. आवाज लहान होतो, त्याहून अधिक म्हणजे तो झाकोळतो. मधलं पेडल फक्त त्या क्षणी दाबलेल्या पट्ट्यांचे डँपर वर धरून ठेवतं; स्टाइनवेने १८७४ साली त्याचं पेटंट घेतलं. वर सांगितलेला 'सी' त्यानेही धरता येतो. तरी अनेक मोठे वादक तिथे उजव्या पायाचा अर्धा स्पर्शच पसंत करतात, कारण मधलं पेडल नाद धरतं, रंग देत नाही.

मोठे वादक स्वतःच्या पियानोविषयी आग्रही का असतात, याचं लोकांना नवल वाटतं. व्लादिमीर हॉरोविट्झ १९८६ च्या एप्रिलमध्ये मॉस्कोला वाजवायला गेला, १९२५ साली सोडलेल्या देशात, तेव्हा त्याचा स्टाइनवे न्यूयॉर्कहून तिथे नेण्यात आला आणि तो लावायला फ्रांट्स मोर बरोबर गेला. त्या मैफलीत हॉरोविट्झने शूमानचं 'ट्रॉयमराय' वाजवलं. लहान मुलालाही बोटांनी वाजवता येईल अशी ती रचना. श्रोत्यांत बसलेली माणसं रडत होती. चित्रफीत उपलब्ध आहे. बोटं जवळपास सपाट, चेहरा निर्विकार, आणि सुरांच्या शेवटांकडे ऐका: प्रत्येक वाक्य वेगळ्या तऱ्हेने संपतं. एक विरतं, एक मिटतं, एक पुढच्यात उतरतं. हे शेवट पायाचे आहेत.

मुंबईत या सगळ्याला पावसाळ्याची साथ असते. जून ते सप्टेंबर लाकूड आणि नमदा हवेतला ओलावा पितात. ध्वनिफलक फुगतो, मधल्या सप्तकांचे सूर चढतात. डँपरांच्या तारा ज्या छिद्रांतून वरखाली होतात त्यांचं कापडी अस्तर आवळतं आणि डँपर आळसावतो. पेडल सोडल्यावर नाद मिटायला उशीर होतो. पेडलाच्या बिजागऱ्या चिवचिवतात. घरच्या पियानोवर हे महिनोन्‌महिने चालून जातं, आणि तेच मला खटकतं. वांद्र्याला, दादरच्या पारशी कॉलनीत, अलीकडे ठाण्या-पुण्यातही मुलं मन लावून शिकतात, परीक्षांना बसतात. पेडल शिकण्याची पहिली पायरीच अवघड असते: हात खाली जातो त्याच वेळी पाय वर आला पाहिजे, आणि सूर लागल्यावर मग पाय खाली. शरीर हे आपणहून करत नाही. हाताबरोबर पायही आपटतो. अशा वेळी डँपरच जर उशिरा बसत असेल, तर मूल बरोबर वाजवूनही त्याच्या कानाला चूक ऐकू येते, आणि ते पायाची वेळ बिघडवून घेतं. मुलाला क्लासला घालणाऱ्या पालकांना मी सांगतो, सूर लावायला बोलवाल तेव्हा पेडलही तपासून घ्या, आणि पावसाळा सरल्यावर तर नक्कीच.

आता मैफलीला जाणाऱ्यांशी एक शब्द. आपल्या बैठकीत समेवर दाद द्यायची रीत आहे आणि मला ती प्यारी आहे. पियानोच्या मैफलीत मात्र एक घात वारंवार होताना मी मंचाच्या कडेवरून बघतो. शेवटचा स्वरसंघ वाजतो, वादक हात उचलतो, आणि त्या क्षणी टाळ्या कोसळतात. पण पाय अजून खाली असतो. सगळे डँपर वर असतात, सव्वादोनशे तारा बोलत असतात, आणि वादक तो नाद किती उतरू द्यायचा, कुठे मिटवायचा, हे ठरवत असतो. रचना अजून चालू असते; बाखमध्ये थोडी, देब्युसीत पुष्कळ. पुढच्या वेळी जाल तेव्हा शेवटी हातांकडे बघू नका, उजव्या पावलाकडे बघा. ते वर आलं की मग मनसोक्त टाळ्या वाजवा.